परीस आणि कोरे लोखंड

मराठी संतकाव्यातील लोखंडाला स्वतःचे असे चरित्र क्वचितच लाभले आहे. ते परिसाची वाट पाहत असते. 'ज्ञानेश्वरी'च्या नवव्या अध्यायात परीस फोडण्याच्या हेतूने लोखंड त्याला भिडले, तरी त्या स्पर्शाने ते सोनेच होते, असा दृष्टांत येतो. लोखंडाचा हेतू कोणताही असो, त्याचे सार्थक लोखंडपण संपण्यातच आहे, हे त्यातले गृहीत. महिपतीच्या 'भक्तविजया'त (१७६२) परिसा भागवताची कथा आहे. तीत नामदेव परीस चंद्रभागेत टाकून देतात आणि पुढे नदीतून मूठभर खडे काढतात, ते सारेच परीस ठरतात. सोन्याचा मोह या कथेने मोडून काढला हे खरे. परंतु लोखंडाची प्रतिष्ठा त्यामुळे वाढली असे म्हणता येत नाही.

ज्या भूमीत लोखंड हेच अंतिम मूल्य मानले गेले, तिथून पाहिले म्हणजे या परंपरेची ही मर्यादा स्पष्ट दिसते. भिलई ही अशी भूमी आहे. १९५६ पर्यंत दुर्ग जिल्ह्याचा कारभार नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातून चालत असे. १९५५ च्या सोव्हिएत करारानुसार येथे पोलाद कारखाना उभा राहिला, फेब्रुवारी १९५९ मध्ये राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि दल्ली-राजहराच्या डोंगरातील खनिज येथे वितळू लागले. पण याच छत्तीसगढच्या उत्तरेला, मैकल पर्वताच्या परिसरात, लोखंड त्याआधी कितीतरी काळ मातीच्या लहान भट्ट्यांतून निघत होते. ते काढणारे आगरिया. भात्यांवर पाय रोवून वारा घालणाऱ्या या लोकांच्या कथा व्हेरिअर एल्विन यांनी 'द आगरिया' (१९४२) या ग्रंथात संगृहीत केल्या. हेच एल्विन १९२७ मध्ये प्रथम पुण्यास आले होते, याची येथे आठवण होते.

या कथांच्या केंद्रस्थानी 'कुंवारी लोहा' आहे. भट्टीतून निघालेले, अद्याप कोणत्याही वापरात न आलेले लोखंड, असा त्याचा अर्थ. न वापरलेल्या वस्त्राला आपण कोरे म्हणतो, त्या अर्थाने त्यास 'कोरे लोखंड' म्हणावे. त्याच्या अंगी अद्भुत सामर्थ्य आहे. सृष्टीच्या आरंभी पृथ्वी डळमळत होती, तेव्हा तिला या लोखंडाचे खांब देऊन स्थिर केले, अशी कल्पना या कथाविश्वात आढळते. तेथे भट्टीत लोहासुर, कोळशात कोयलासुर आणि अग्नीत आग्यासुर वसतो. लोगुंडी राजाच्या वैभवाच्या आणि सूर्याशी जडलेल्या वैराच्या कथाही तेथे आहेत.

दोन्ही परंपरांतील अद्भुत एका जातीचे नाही. परिसाचा चमत्कार बाहेरून येतो आणि क्षणात घडतो. त्यात श्रमाला स्थान नाही. तो कृपेचा दृष्टांत आहे, आणि कृपेपुढे श्रम गौण ठरावेत हे भक्तीच्या तर्काला धरूनच आहे. कोऱ्या लोखंडाचे सामर्थ्य मात्र भट्टीतूनच जन्मते. दगड, कोळसा, वारा आणि घाम यांच्या संयोगातून जे निघते, तेच दिव्य. ते दुसरे काही होण्यासाठी धडपडत नाही. म्हणूनच या कथांना केवळ मानवशास्त्राची सामग्री मानणे अन्यायाचे होईल. श्रमाला अद्भुताचे उगमस्थान मानणारी ती एक काव्यदृष्टी आहे.

ही दृष्टी मराठी मनाला सर्वस्वी परकी आहे काय? तसे वाटत नाही. बाळंतिणीच्या उशाखाली विळा ठेवण्याची आणि उंबरठ्यावर घोड्याची नाल ठोकण्याची रीत आपल्या घरांतून चालत आली आहे. तेथे कोणी लोखंडाचे सोने व्हावे असे म्हणत नाही. लोखंडाने लोखंड म्हणूनच राखण करावी अशी अपेक्षा असते. म्हणजे ग्रंथातले लोखंड हीन, आणि माजघरातले समर्थ. हे दुसरे लोखंड बायकांच्या आचारात टिकले, पण काव्यविचारात शिरले नाही. आपल्या समीक्षेने या अंतराची दखल घ्यावयास हवी होती.

या कथांचे भाबडे गौरवीकरण मात्र टाळले पाहिजे. ज्यांच्या कथेत लोखंडाने पृथ्वी सावरली, त्यांच्या भट्ट्या ते लोखंड वाचवू शकले नाही. भट्टीवरील कर, कोळशासाठी लागणाऱ्या जंगलावरचे निर्बंध आणि कारखान्यातले स्वस्त लोखंड यांनी त्या विझत गेल्या. एल्विन यांनी कथा टिपल्या त्या या उतरणीच्या काळात. आणि आपल्या हाती आल्या त्या इंग्रजीत. सांगणाऱ्याचा मूळ शब्द व त्याचा ठेका आपण गमावला आहे. त्यांचे मूल्यमापन करताना ही उणीव विसरून चालणार नाही.

तरीही कथेचा धागा पुरता तुटलेला नाही. भिलईच्या आठव्या झोतभट्टीस 'महामाया' हे नाव आहे. २०१८ मध्ये कार्यान्वित झालेल्या या अजस्र यंत्राला रतनपूरच्या देवीचे नाव द्यावेसे वाटले. भट्टीत कोणीतरी वसते, ही जाणीव अभियंत्यांच्या युगातही ओसरलेली नाही. फरक एवढाच, की देवीचे नाव कोरले गेले आणि लोहासुराचे राहून गेले. कोणते अद्भुत पाटीवर चढते आणि कोणते ग्रंथालयाच्या कपाटात पडून राहते, हा प्रश्नही साहित्यविचाराचाच आहे. मराठी वाचकाने परिसाचा मोह क्षणभर दूर ठेवून या काळ्या धातूकडे पाहिले, तर आपल्याच माजघरातील एक विसरलेली कविता त्याला सापडेल.