उघडा खडक आणि भूमिगत साठा : साधर्म्यावर आधारित अभ्यासपद्धतीची चिकित्सा

प्रस्तावना :
भूपृष्ठाखालील तेलाचे वा पाण्याचे साठे प्रत्यक्ष पाहता येत नाहीत. म्हणून त्यांच्याशी साधर्म्य असलेल्या उघड्या खडकांचा आधार घेतला जातो. १९४७ मध्ये कॅनडातील लेड्युक येथे डेव्होनियन कालखंडातील भूमिगत सागरी भित्तींत खनिज तेल सापडले. अशा भित्ती समजून घेण्यास पश्चिम ऑस्ट्रेलियातील कॅनिंग खोऱ्यात उघड्या पडलेल्या त्याच कालखंडातील भित्ती साहाय्यभूत ठरल्या. प्रस्तुत लेखात या पद्धतीचे सामर्थ्य व मर्यादा तपासल्या आहेत.

सामर्थ्य :
विंधन विवरातून येणारा खडकाचा गाभा काही सेंटीमीटर रुंद असतो, तर भूकंपलहरींच्या सर्वेक्षणात काही मीटर जाडीचे थर बहुधा वेगळे दिसत नाहीत. ही उणीव उघडा खडक भरून काढतो. अमेरिकेतील ग्वादालुपे पर्वतात पर्मियन काळातील कॅपिटन भित्ती, तिचा समुद्राकडील उतार व मागील उथळ पाण्यातील थर यांचा परस्परसंबंध स्पष्ट दिसतो.

मर्यादा :
तथापि आकाराचे साधर्म्य म्हणजे गुणधर्मांचे साधर्म्य नव्हे. 'प्रवाळभित्ती' ही रूढ संज्ञाही येथे दिशाभूल करते. कॅपिटन भित्ती मुख्यतः स्पंज व शैवालांनी घडविली. शिवाय पाऊस व विदारण यांमुळे उघड्या खडकातील छिद्रे आणि भेगा बदलतात. हीच भित्ती कार्ल्सबॅडनजीक जमिनीखाली जाऊन शहराला पाणी पुरविते. परंतु ते पाणी किती, हे कड्याकडे पाहून सांगता येत नाही.

स्थानिक संदर्भ :
परंडा तालुक्यातील सोनारीचा परिसर दख्खनच्या बेसाल्टचा आहे. तेथे सागरी भित्ती नाहीत. अनुमानाची रीत मात्र तीच आहे. ओढ्याच्या काठावर वा विहिरीच्या कडेला मुरूम, मांजऱ्या खडक आणि काळा पाषाण यांचा क्रम वाचता येतो. परंतु वर सच्छिद्र दिसणारा मांजऱ्या खडक खोलवर झिओलाइट व कॅल्साइटने भरलेला असू शकतो. अवर्षणप्रवण धाराशिव जिल्ह्यात केवळ अशा साधर्म्यावर विसंबून बोअर घेतल्यास पाण्याऐवजी कर्जच पदरी पडण्याचा धोका असतो.

निष्कर्ष :
थरांची मांडणी कशी आहे, या प्रश्नाचे उत्तर उघडा खडक देतो. साठा किती, याचे नाही. त्यासाठी उपसा चाचणी व विहिरींतील पाणीपातळीच्या नियमित नोंदी अपरिहार्य आहेत. ही पद्धत पुरावा म्हणून नव्हे, तर प्रश्न नेमका करण्याचे साधन म्हणून स्वीकारणे उचित ठरते.