खून, शिष्टाचार आणि हास्य

गेल्या महिन्यांत आम्हीं घरच्या मंडळींसमवेत चार इंग्रजी चित्रपट चार रात्रीं पाहिले. चारहि दरोडेखोरांचे व भाडोत्री मारेकऱ्यांचे, आणि चारहि विनोदी म्हणून नांवाजलेले. पहिल्या रात्रीं आमच्या वडील भगिनीहि हंसल्या. दुसऱ्या रात्रीं मात्र त्यांनीं हातांतील विणकाम खालीं ठेवून विचारलें, "अरे, तिकडे माणसें मरताहेत आणि तुम्हांला हंसूं कसलें येतें?" प्रश्न साधा होता, पण उत्तर देतांना आमची तारांबळ उडाली. त्या रात्रीं जें सुचलें नाहीं तें येथें मांडण्याचा विचार आहे.

आपल्या साहित्यशास्त्रकारांना ही अडचण अपरिचित नव्हती. हास्याचा भयानकाशीं आणि करुणाशीं विरोध आहे, असें विश्वनाथानें 'साहित्यदर्पणां'त स्पष्ट सांगितलें आहे. तो नियम सर्वस्वी खोटा आहे असें आम्हांस वाटत नाहीं. प्रेताकडे पाहून हंसणारा मनुष्य आम्हांलाहि भेसूरच वाटेल. परंतु या चित्रपटांपैकीं चांगल्यांत हास्याचा विषय प्रेत नव्हे. अमेरिकन चित्रपटांतला टोळीनायक बहुधा मोठा होऊं पाहणारा आणि ऐन मोठेपणीं कोसळणारा पुरुष असतो. १९३२ सालचा 'स्कारफेस' पाहावा. इंग्रज दरोडेखोर त्या मानानें अगदींच घरगुती. त्याला चहा वेळेवर लागतो, म्हातारीसमोर आवाज चढविणें त्याला जमत नाहीं, आणि आपल्या धंद्याचे नियम पाळण्याची त्याला मोठी हौस असते. हात रक्तानें भरले तरी हा मनुष्य रीतभात सोडीत नाहीं, येथें हंसूं फुटतें.

याचा नमुना म्हणून ईलिंग स्टुडिओचा १९५५ सालचा 'द लेडीकिलर्स' आम्ही सर्वांत वर ठेवूं. दिग्दर्शक अलेक्झांडर मॅकेंड्रिक. पटकथाकार विल्यम रोझ हा मूळचा अमेरिकन, आणि ही कथा आपणांस स्वप्नांत दिसली असें तो सांगे. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकालगत, रेल्वेच्या बोगद्यावर, एका कललेल्या घरांत मिसेस विल्बरफोर्स ही वृद्ध विधवा आपल्या पोपटांसह राहते. प्रोफेसर मार्कस (अ‍ॅलेक गिनेस) तिच्याकडे खोली भाड्यानें घेतो, आणि त्याचे चार सोबती वाद्यें घेऊन 'तालमी'ला येऊं लागतात. बंद दाराआड बोकेरिनीच्या संगीताची तबकडी फिरत असते आणि दरोड्याचा बेत शिजत असतो. म्हातारी मधूनच दार ठोठावून चहा हवा का म्हणून विचारते, कीं पांचहि जण धांवत जाऊन वाद्यें उचलतात. दरोडा तडीस जातो. इतकेंच नव्हे, तर लुटीची ट्रंक स्टेशनावरून आणविण्याचें काम त्या भाबड्या बाईच्याच हातून होतें. पुढें चेलोची पेटी दारांत अडकते, नोटा बाहेर सांडतात, आणि बिंग फुटतें. नेमक्या त्याच वेळीं म्हातारीच्या मैत्रिणी चहाला येतात! ज्यांतील एकट्यादुकट्यानेंहि त्या बाईची मान सहज मुरगळली असती असे ते पांच दरोडेखोर, पिकलेल्या केसांच्या त्या मेळाव्यांत, हातांत कपबशा घेऊन मुकाट्यानें उभे राहतात आणि त्यांच्या सुरांत सूर मिळवितात.

मग तिला मारण्याचें ठरतें. कोणीं मारावें यासाठीं आगकाड्या ओढल्या जातात. पण ज्याच्यावर पाळी येते तो पैसे घेऊन छपरावरून पळूं पाहतो. असें करतां करतां पांचहि जण आपसांतच संपतात, आणि त्यांचीं प्रेतें घरामागून जाणाऱ्या मालगाडीच्या वाघिणींत पडतात. म्हातारी ज्या घरीं सुखानें डुलक्या घेत होती, तेथेंच हें सारें घडतें. विनोद त्यांच्या मरणाचा नाहीं. एका निरुपद्रवी बाईला मारण्याइतका निर्लज्जपणा पांच निर्ढावलेल्या गुन्हेगारांना मिळून गोळा करतां येत नाहीं, याचा आहे. आम्ही हंसतों तें त्यांच्यांत उरलेल्या माणुसकीला, आणि तीच त्यांचा घात करते. म्हातारी झालेल्या केटी जॉन्सन यांनीं सत्तरी ओलांडली होती. त्यांना या कामाबद्दल ब्रिटिश अकादमीचें पारितोषिक मिळालें, तें योग्यच झालें. २००४ सालीं अमेरिकेंत हाच चित्रपट पुन्हां करण्यांत आला. त्याविषयीं न बोललेलें बरें.

येथपर्यंत भगिनींची समजूत घालणें सोपें होतें. गाय रिची यांच्या 'लॉक, स्टॉक अँड टू स्मोकिंग बॅरल्स' (१९९८) या पहिल्या चित्रपटानें आमची बाजू लंगडी केली. चार तरुण मित्र. त्यांतला एक थ्री-कार्ड ब्रॅगच्या, म्हणजे आपल्या तीन पत्तीच्या विलायती भावंडाच्या, डावांत पांच लाख पौंडांचें कर्ज करून बसतो, आणि तें आठवड्याच्या आंत फेडण्यासाठीं हे चौघे चोरांवर मोर होतात. कथानकाची गुंफण अशी कीं घड्याळजीनेंहि मान डोलवावी. परंतु अखेरीस प्रेतांचा खच पडतो, तेव्हां तीं कोणाचीं हें आठवण्याचीहि गरज भासत नाहीं. माणसें पटावरील सोंगट्यांप्रमाणें उचललीं जातात. हंसूं येतें, तें आम्ही नाकारीत नाहीं. पण त्या हंसण्याची किंमत कोणीच मोजीत नाहीं, पात्रें नाहींत आणि प्रेक्षकहि नाहींत.

हीच वाट पुढें गुंडांच्या कौतुकाला जाऊन मिळते. पूर्व लंडनवर दहशत बसविणाऱ्या क्रे बंधूंना १९६९ सालीं खुनांबद्दल जन्मठेप झाली. पण दंतकथेंत उरले ते त्यांचे बेतीव कपडे, त्यांची अदब आणि त्यांची मातृभक्ति. २०१५ च्या 'लेजेंड'मध्यें टॉम हार्डी दोन्ही भाऊ झाला आहे, तो असा देखणा, कीं मेलेल्यांचीं नांवें प्रेक्षकाच्या ध्यानांतच राहत नाहींत. शिष्टाचारामुळें खून अधिक उघडा पडत असेल, तर आमची हरकत नाहीं. येथें तो झांकला जातो. भगिनींचा आक्षेप या जातीला पुरेपूर लागू आहे.

जोनाथन ग्लेझर यांचा 'सेक्सी बीस्ट' (२०००) पाहतांना त्यांना निराळाच धक्का बसला. १९८२ च्या 'गांधी'मध्यें रोहिणी हट्टंगडींच्या कस्तुरबांशेजारीं महात्माजी म्हणून दिसलेले बेन किंग्सले येथें डॉन लोगन हा गुंड होऊन येतात. धंदा सोडून स्पेनच्या उन्हांत पडलेल्या जुन्या साथीदाराला एका दरोड्यासाठीं परत न्यावयाचें, एवढाच त्याचा हेतु. पण 'नाहीं' हा शब्द त्याला ऐकूंच येत नाहीं. या पाहुण्याचें वागणें पाहून प्रथम हंसूं येतें, आणि मग हंसणाऱ्याचें तोंड तसेंच उघडें राहतें. विश्वनाथाचा नियम येथें खरा ठरतो, आणि दिग्दर्शकाला तेंच हवें आहे.

शेवटचा, मार्टिन मॅकडोना यांचा 'इन ब्रूज' (२००८). पाद्र्याचा खून करतांना रे (कॉलिन फॅरेल) या नवशिक्या मारेकऱ्याच्या गोळीनें एक लहान मूल मरतें. त्याला व त्याच्या वडील सोबत्याला, केनला (ब्रेंडन ग्लीसन), बेल्जियममधील ब्रूज येथें लपावयास पाठवितात. केन जुन्या इमारती पाहून हरखतो. रे शाळकरी पोरासारखा कुरकुरतो. मग मालकाचा, हॅरीचा, हुकूम येतो: रेला मार. मात्र मरण्यापूर्वीं पोराला हें सुंदर गांव पाहावयास मिळावें, अशी हॅरीची प्रेमळ इच्छा! केन पिस्तूल घेऊन बागेंत जातो, तों रेनें स्वतःच्याच डोक्याला पिस्तूल लावलेलें. आणि मारावयास आलेला केन ओरडून त्याला अडवितो. 'एकच प्याला'त तळीरामाच्या मंडळाला हंसून झाल्यावर सिंधूसाठीं डोळे पुसावे लागतात; येथें दोन्ही एकाच श्वासांत करावीं लागलीं.

पुढें हॅरी स्वतः येतो. हॉटेलची गरोदर मालकीण जिन्यांत वाट अडवून उभी राहते. वर रे, खालीं हॅरी. तिला इजा होऊं नये म्हणून दोघे मोठ्या समजूतदारपणें ठरवितात, कीं एकानें खिडकींतून कालव्यांत उडी मारावी, दुसऱ्यानें वळसा घालून यावें, आणि मग खून व्हावा. मूल मारणाऱ्यानें त्याच जागीं स्वतःस संपवावें, असा हॅरीचा नियम. त्याची गोळी रेला भेदून पलीकडे शाळकरी मुलाच्या वेषांतील एका खुज्या नटाला लागते. हॅरीला तें मूलच वाटतें. रे कांहीं सांगूं पाहतो. हॅरी ऐकून घेत नाहीं, आणि पिस्तूल स्वतःच्या तोंडांत धरतो. येथें हंसावें कीं नाहीं, हें आम्हांला पुन्हां पाहूनहि ठरवितां आलेलें नाहीं.

रेला उचलून नेत असतां त्याच्या मनांत येतें, कीं वांचलों तर त्या मुलाच्या आईकडे जाऊन क्षमा मागावी आणि ती देईल ती शिक्षा घ्यावी. तो वांचला कीं नाहीं हें चित्रपट सांगत नाहीं. आम्हीं दिवे लावले तेव्हां भगिनींचें विणकाम मांडीवर तसेंच पडलें होतें. "त्या पोराच्या आईकडे हा गेला असेल का रे?" एवढेंच त्यांनीं विचारलें.