शॅमेलिऑनच्या अंड्यांची उबवण आणि मातीचे नैसर्गिक तापमान : एक चिकित्सा

प्रास्ताविक

शॅमेलिऑन, अर्थात सरडगुहिरा, या प्राण्याची अंडी कृत्रिमरीत्या उबवताना कोणते तापमान राखावे, या प्रश्नाला साधारणतः दोन उत्तरे दिली जातात. पहिले उत्तर असे की, एक योग्य अंक निश्चित करून तो अखेरपर्यंत स्थिर ठेवावा. दुसरे असे की, मूळ अधिवासातील मातीचे तापमान मोजून त्याची हुबेहूब नक्कल करावी. या दोन्ही भूमिकांची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

माती आणि उष्णतेची लाट

शॅमेलिऑनच्या अंडी घालणाऱ्या जातींत मादी सामान्यतः जमिनीत बीळ खणते, त्यात अंडी घालते व बीळ मातीने बुजवून टाकते. त्यामुळे हवेच्या तापमानापेक्षा अंड्याच्या खोलीवरील मातीचे तापमान महत्त्वाचे ठरते. उष्णतेची लाट जमिनीत उतरताना क्षीण होत जाते. समजा, एखाद्या कोरड्या मातीत १० सेंमी खोलीवर दिवसरात्रीच्या चढउताराचा ३७ टक्के भाग उरतो. तर ३० सेंमी खोलीवर तो केवळ ५ टक्के उरेल. वार्षिक लाट मात्र ३६५ च्या वर्गमुळाइतकी, म्हणजे सुमारे १९ पट, खोलवर पोहोचते. त्याच मातीत ३० सेंमीवर ऋतुमानाच्या चढउताराचा सुमारे ८५ टक्के भाग टिकून राहतो आणि तो जेमतेम नऊ दिवस उशिराने जाणवतो.

याचा अर्थ स्पष्ट आहे. खोल बिळातील अंड्याला दिवस व रात्र यांतील भेद जवळजवळ कळत नाही, परंतु उन्हाळा व हिवाळा यांतील भेद पुरेपूर कळतो. म्हणून स्थिर तापमानाची पद्धत एका दिवसापुरती निसर्गाशी सुसंगत आहे. वर्षभरासाठी ती तशी राहत नाही.

भ्रूणाची साक्ष

या भेदाचे महत्त्व भ्रूणविज्ञानातून अधिक उलगडते. येमेन व सौदी अरेबियातील ‘कॅमिलिओ कॅलिप्ट्रेटस’ या जातीच्या अंड्यांत, अंडी घातली जातात त्या वेळी, भ्रूण अगदी प्राथमिक अवस्थेत असतो व त्याचा विकास काही काळ थांबलेला असतो. अँड्र्यूज व डॉनह्यू यांनी २००४ साली या विकासविरामावर तापमान व ओलावा यांचा काय परिणाम होतो, याचा अभ्यास प्रसिद्ध केला. दक्षिण स्पेनमधील ‘कॅमिलिओ कॅमिलिओन’ शरदात अंडी घालतो; ती हिवाळा जमिनीत काढतात आणि पिले पुढील उन्हाळ्याच्या अखेरीस बाहेर पडतात. मादागास्करच्या नैऋत्येकडील ‘फुर्सिफर लाबोर्डी’ तर आयुष्याचे आठ-नऊ महिने अंड्यातच घालवतो व पावसाच्या आगमनाबरोबर, नोव्हेंबरात, बाहेर येतो, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले. अशा जीवनक्रमात एका अंकापेक्षा उष्ण व शीत काळांचा अनुक्रम अधिक अर्थपूर्ण ठरतो.

नक्कलवादाच्या मर्यादा

तथापि, यावरून निसर्गाची नक्कल निर्दोष ठरते असे मानणे तर्कदुष्ट होईल. पहिली अडचण मापनाची आहे. हवामान केंद्रातील हवेचे तापमान हे मातीचे तापमान नव्हे. कृषिहवामान वेधशाळांत ५, १० व २० सेंमी खोलीवर मातीचे तापमान नोंदवले जाते खरे. परंतु त्या नोंदी मोकळ्या जमिनीतील असतात, झुडपाच्या सावलीतील बिळाच्या नव्हेत. मासिक सरासरीत अनुक्रमाचे बारकावेही लोपतात. शिवाय ओल्या व कोरड्या मातीतून उष्णता सारख्या वेगाने वाहत नाही.

दुसरी अडचण तात्त्विक आहे. ‘नैसर्गिक’ आणि ‘इष्टतम’ हे शब्द समानार्थी नव्हेत. मादी उपलब्ध जागांतूनच निवड करते आणि निसर्गातही अनेक अंडी वाया जातात. उलटपक्षी, ‘कॅलिप्ट्रेटस’ची अंडी स्थिर तापमानातही उबतात, हा अनुभव नाकारता येत नाही. या जातीत तापमानावरून लिंग ठरत असल्याचे २००५ च्या अभ्यासात आढळले नाही. तेव्हा कासवे वा मगरी यांच्याविषयीची भीती येथे जशीच्या तशी लागू करता येत नाही.

समारोप

मातीच्या तापमानाची नोंद ही उबवणीची आज्ञा नसून तिच्याविषयीचा प्रश्न आहे, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल. आपल्याकडील ‘कॅमिलिओ झायलॅनिकस’ला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. खोदकामात त्याचे बीळ उघडे पडल्यास, येमेनी जातीसाठी रूढ झालेला अंक त्या अंड्यांवर लादणे धोक्याचे आहे. प्राणिशास्त्र, भूगोल व भौतिकशास्त्र या विभागांनी वनविभागाच्या परवानगीने, बिळांना धक्का न लावता, अशा अधिवासात अंड्यांच्या खोलीवर वर्षभर तापमान व ओलावा यांच्या नोंदी ठेवल्या, तर या प्रश्नाचे उत्तर उसन्या अंकावर अवलंबून राहणार नाही.