मायावी: ॲप्ट की पिप?

आयआयटी मुंबईच्या प्रभू रामचंद्रन यांचं मायावी, म्हणजे त्रिमितीय चित्रणाचं पायथन मॉड्यूल. डेबियनवर ते ॲप्टमधून ‘मायावी२’ नावाने येतं, व्हीटीके, ट्रेट्स सगळं जुळवून. आवृत्ती मात्र त्या रिलीजपुरती गोठलेली. नवी हवी म्हणून माहूजमधल्या खोलीत बसून सरळ पिप चालवा, डेबियन १२ (२०२३) नकार देतं: आधी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करा. चिडचिड होते, पण नकार बरोबरच आहे. सिस्टीमची काही अवजारं त्याच पायथनवर चालतात. एखादं मॉड्यूल परस्पर बदललं तर ती मोडू शकतात. खटकतं ते पुढचं. त्याच संदेशात ‘ब्रेक सिस्टीम पॅकेजेस’ हा पर्यायही छापलाय, आणि डेडलाइनच्या रात्री विद्यार्थी नेमका तोच चिकटवणार. मी तर तो मॅन्युअलमध्येच ठेवला असता.