पऱ्हाटीच्या ओळीतला पाठ

शेतीशाळेतला परिसंस्था-निरीक्षणाचा पाठ मला कुठल्याही छापील धड्यापेक्षा सरस वाटतो. तो घडला इंडोनेशियात, 1989च्या सुमारास. फवारण्यांनी कोळी मेले, तपकिरी तुडतुडे माजले आणि भाताची शेतं करपली, त्या अनुभवातून. पुढे तो आपल्या कृषी विभागाच्या शेतीशाळांत आला. तो रचला शेतकऱ्यांसाठी, पण वर्धा जिल्ह्यातल्या देवळीच्या नववी-दहावीतल्या मुलांनाही तो थेट लागू पडतो, कारण शाळेच्या आजूबाजूला पऱ्हाटीच, म्हणजे कपाशीच आहे.

पाठाची बांधणी पाहा. सकाळी चौघा-पाचजणांचा गट शेतात जातो, काही झाडं निवडतो, पानं उलटून किडे मोजतो. मग कागदावर मधोमध झाडाचं चित्र, एका बाजूला मावा, तुडतुडे, बोंडअळी, दुसऱ्या बाजूला त्यांना खाणारे ढालकिडा, क्रायसोपा, कोळी, वर ऊन किंवा ढग. ज्याची गणती झाली नाही, त्याला चित्रात जागा नाही. आणि खरी गोडी पुढे आहे. मुलगी विचारते, "सर, हा किडा कोणता?" नाव सांगायची मुभा सरांना नाही. ते उलट विचारतात, "कुठं सापडला? काय करत होता?" या दोन प्रश्नांत अख्खी अन्नसाखळी येते. उत्तर येत नसेल तर दोन बरण्या घ्यायच्या, दोन्हींत माव्याचं पान, एकीतच ढालकिडा, तोंडाला मलमलीचं फडकं. उद्या मोजायचं. एक बरणी तशीच का ठेवली, हे मुलांना वेगळं शिकवावं लागत नाही.

पण या पाठाचा कस लागतो डोमकळीपाशी. गुलाबी बोंडअळी शिरलेलं फूल उमलत नाही, पाकळ्या गुंतून गुलाबाच्या कळीसारखं मिटून राहतं. ते उघडलं की प्रश्न उभा राहतो : बोंडअळीला मारणारी बीटी कपाशी असून अळी आली कशी? बीटी कपाशी भारतात 2002मध्ये आली, तेव्हापासून सोबत बिगर-बीटी बियाण्याची वेगळी पुडी येई, भोवती पाच ओळी लावायला. अनेकांनी ती लावलीच नाही. त्या ओळींत साध्या अळ्या जगाव्यात, त्यांच्या पतंगांनी प्रतिकारक पतंगांशी जोडी जमवावी आणि पिल्लं बीटीवर मरावीत, असा तो हिशेब होता. शत्रूच्या जातीतही विविधता टिकवावी लागते! 2017च्या हंगामात विदर्भाने या अळीचा तडाखा सोसला. लांबवलेला हंगामही त्याला कारण होता, म्हणून एकाच उत्तरावर थांबणाऱ्या गटाला पुन्हा शेतात पाठवावं.

या पाठामागचा कामातून ज्ञान हा विचार 1937च्या ऑक्टोबरात वर्ध्याच्याच शिक्षण परिषदेत मांडला गेला, तोही सूतकताईच्या साक्षीने. इथल्या कापसाला शिकवण्याची सवय जुनी आहे.

नववीच्या पुस्तकात 'परिसंस्थेतील ऊर्जाप्रवाह' हा धडा आहे. देवळीतल्या विज्ञान शिक्षकांना विनंती : तो ऑगस्ट-सप्टेंबरात, फुलं-पात्या लागल्यावर घ्या आणि वर्ग धुऱ्यावर न्या. नुकती फवारणी झालेलं शेत मात्र टाळा, आधी शेतमालकाला विचारा.