‘त्रास’ किती? : अष्ठीला ग्रंथीच्या कर्करोगाची प्रश्नावली व तिची भाषा

रोग्याच्या उत्तरांचे आकडे मांडून उपचाराचे मोल ठरविण्याची रीत वैद्यकात आता रुळली आहे. अष्ठीला ग्रंथीच्या (प्रोस्टेट) कर्करोगात तिला जे महत्त्व आले, त्याचे कारण उघड आहे. ब्रिटनमधील ‘प्रोटेक्ट’ या प्रयोगात १,६४३ पुरुषांची शस्त्रक्रिया, किरणोपचार व सक्रिय देखरेख अशा तीन गटांत यदृच्छया विभागणी झाली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पंधरा वर्षांच्या निष्कर्षांनुसार या रोगाने सुमारे २.७ टक्के पुरुष दगावले आणि तिन्ही गटांत या बाबतीत लक्षणीय अंतर दिसले नाही. म्हणजे कोणता उपचार बरा, याचा निवाडा पुष्कळ अंशी रोग्याच्या शब्दांवर येऊन ठेपतो. अशा वेळी ते शब्द त्याचे की प्रश्नकर्त्याचे, हा प्रश्न केवळ भाषाशास्त्रीय राहत नाही.

या क्षेत्रात सर्वाधिक प्रचलित असलेल्या प्रश्नावलींपैकी ‘एपिक-२६’ ही एक होय. अमेरिकेत २००० साली सिद्ध झालेल्या पन्नास प्रश्नांच्या मूळ संहितेचे हे संक्षिप्त रूप. तीत मूत्रावरील ताबा, मूत्रमार्गाची जळजळ व अडथळा, आतड्यांचे कार्य, लैंगिक कार्य आणि संप्रेरकांचे परिणाम असे पाच विभाग असून, गेल्या चार आठवड्यांतील स्थिती विचारली जाते व प्रत्येक विभागास शून्य ते शंभर गुण मिळतात. मूळ रचनाकारांनी एक मार्मिक भेद केला होता : शरीरात काय घडते हे एक, आणि त्याचे त्या माणसाला किती जड जाते हे दुसरे. हा भेद या प्रश्नावलीचा खरा गुण.

दुर्दैवाने तो बेरजेत हरवतो. दोन कल्पित रोगी घ्यावेत. पहिल्याला दिवसातून एकदा मूत्रगळती होते, क्वचित थेंब सुटतात, दिवसाला एक पॅड लागते आणि ही त्याला फार मोठी अडचण वाटते. त्याचे गुण २५, ६७, ६७ व ०. सरासरी सुमारे ४०. दुसऱ्याची गळती दिवसातून अनेकदा होते, थेंब वरचेवर सुटतात, पॅड दोन लागतात. पण त्याला ही अडचण मुळीच वाटत नाही. त्याचे गुण ०, ३३, ३३ व १००. सरासरी सुमारे ४२. या विभागात सहा ते नऊ गुणांहून कमी अंतर अर्थपूर्ण मानीत नाहीत, तेव्हा कोष्टकात हे दोघे एकच ठरतात. एक खचलेला, दुसरा रुळलेला. आणि ज्याला मदतीची निकड अधिक, तो गुणांवरून ओळखू येत नाही. विचारताना वेगळे ठेवलेले मोजताना एकत्र करावयाचे, तर वेगळे विचारलेच कशाला?

‘प्रोटेक्ट’च्या २०१६ च्या अहवालातही याची छाया दिसते. शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी त्या गटातील ४६ टक्के पुरुष पॅड वापरीत होते. देखरेखीच्या गटात ४ टक्के. तरीही सर्वसाधारण जीवनमानाच्या प्रश्नांत तिन्ही गटांत फरक आढळला नाही. माणूस आपले माप बदलून घेतो. ते त्याचे सामर्थ्य खरे, परंतु मोजणाऱ्याची ती फसगत होय.

अशा प्रश्नावल्या मराठीत येतात तेव्हा हा गोंधळ दुणावण्याचा संभव आहे. (युरोपीय संस्थेची कर्करोगाविषयीची सर्वसाधारण प्रश्नावली मराठीत उपलब्ध आहेच.) मराठीत ‘लघवीचा त्रास’ म्हणजे लक्षणच; ‘त्रास किती?’ म्हणजे लक्षण किती तीव्र. घडणे आणि जाचणे या दोहोंस एकच नाम असल्यामुळे मूळ संहितेतील भेद पहिल्याच शब्दात पुसला जातो. तो राखावयाचा तर क्रियापदाकडे वळावे लागते. ‘त्रास होतो’ याहून ‘यामुळे तुमचे किती अडते?’ हा प्रश्न नेमका आहे. बोलण्यात ‘त्याने माझे काही अडत नाही’ असे सहज म्हटले जाते, आणि त्यात लक्षणाचा इन्कार नसतो.

परंतु लैंगिक कार्याच्या विभागात हेच वाक्य संकोचाचा आडोसाही होते. ‘आता या वयात काय अडायचे?’ असे म्हणणाऱ्याला पूर्ण गुण मिळतात आणि प्रश्न मिटतो. वस्तुतः तो मिटलेला नसतो. ब्रिटनमध्ये निदानानंतर अठरा ते बेचाळीस महिन्यांनी घेतलेल्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ३५,८२३ पुरुषांनी उत्तरे दिली. त्यांपैकी ८१.० टक्क्यांचे लैंगिक कार्य क्षीण होते आणि ५५.८ टक्क्यांना त्यावर कोणताही उपाय देऊ करण्यात आला नव्हता. हा दुसरा आकडा शरीराविषयी नाही, मनाविषयीही नाही. तो शुश्रूषेविषयी आहे. शुश्रूषेचा अनुभव मोजणे म्हणतात ते हेच, आणि एपिक-२६ मध्ये यासाठी एकही प्रश्न नाही. ती तिची चूक नव्हे. तिच्याकडून हे काम करून घेणाऱ्यांची आहे.

समाधानाची विचारणाही येथे तोकडी पडते. इंग्लंडमध्ये २०१० पासून सर्व प्रकारच्या कर्करोग्यांची पाहणी होते. तीत शुश्रूषेला शून्य ते दहांपैकी गुण द्यावयाचे असतात आणि २०२३ ची सरासरी ८.९ होती. दोन पाहण्यांतील माणसे वेगळी, तेव्हा आकडे शेजारी ठेवून निष्कर्ष काढता येत नाही. पण कृतज्ञ माणूस नऊ गुण देतो आणि न मिळालेल्या गोष्टीची मोजदाद करीत नाही, हे समजण्यास आकडे लागत नाहीत. त्याच पाहणीतील उपचाराच्या दुष्परिणामांचा प्रश्न मात्र चांगला आहे. ते समजतील अशा रीतीने सांगितले गेले का, असे विचारून ‘होय, निश्चितपणे’ व ‘होय, काही अंशी’ ही उत्तरे वेगळी ठेवली आहेत, आणि अनुकूल म्हणून पहिलेच धरतात. येथे एका क्रियाविशेषणाने सौजन्यापोटी दिलेला होकार बाजूला काढला आहे.

मराठीत असा प्रश्न करताना ‘उपाय मिळाला का?’ असे विचारून भागणार नाही. ज्याने तो नाकारला, तोही ‘नाही’ म्हणेल, आणि ज्याला कोणी विचारलेच नाही त्याच्या रांगेत जाऊन बसेल. ‘सुचविला का?’ हेही अपुरे. सुचविण्यात देण्याची तयारी येतेच असे नाही. ‘देऊ केला का?’ या संयुक्त क्रियापदात मात्र देणाऱ्याचे कर्तव्य आणि घेणाऱ्याची इच्छा ही दोन्ही स्वतंत्र राहतात.