मधल्या इयत्तांचा इतिहास : नंदाखालच्या निमित्तानें

शाळेच्या अभ्यासक्रमाचा विचार हें शिक्षणखात्याचें काम, रुमाल सोडून कागद वाचणारांचें नव्हे, अशी समजूत आमच्या वाचकवर्गांत रूढ आहे. ती टिकण्यासारखी नाहीं. ग्रँट डफचा इतिहास १८२६ सालीं निघाला. कॅप्टन केपन व बाबा साने यांनीं तो मराठींत उतरविला. आणि पुढल्या पिढीस 'मराठ्यांची बखर' म्हणून जें वाचावयास मिळालें तें हेंच. त्या बखरीवर नीळकंठ जनार्दन कीर्तने यांची टीका १८६८ सालीं प्रसिद्ध झाली, तेव्हां ते चोविशीचे होते. महाराष्ट्रांतील इतिहाससंशोधनाचा आरंभ त्या टीकेपासून धरण्याचा प्रघात आहे. म्हणजे आपल्या या सर्व उद्योगाचें मूळ एका तरुणानें एका छापील पुस्तकाबद्दल घेतलेल्या शंकेंत आहे. अशी शंका घेण्याची शक्ति शाळेंत वाढते कीं मरते, हें पाहणें आमच्या कक्षेबाहेरचें कसें म्हणावें?

प्रश्न आजच काढण्याचें कारण असें. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षणधोरणानें सहावी ते आठवी हा स्वतंत्र टप्पा मानिला. राज्याचा शालेय आराखडा २०२४ सालीं ठरला, व १६ एप्रिल २०२५ च्या शासननिर्णयानें तो पहिल्या इयत्तेपासून टप्प्याटप्प्यानें लागू करावयाचें ठरविलें. मधल्या इयत्तांचीं पुस्तकें अशा रीतीनें पुन्हा लिहिलीं जाणार. लिहून झाल्यावर टीका करण्यापेक्षां आधीं कांहीं सांगितलेलें बरें.

वसई तालुक्यांतील नंदाखाल हें गांव आम्ही मुद्दाम घेतलें आहे. येथील पवित्र आत्म्याच्या चर्चची स्थापना १५७३ सालची मानितात. विवाहाच्या व बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या प्रत्येक धर्मग्रामानें ठेवाव्या असें ट्रेंटच्या परिषदेनें १५६३ सालीं ठरविलें, त्यानंतर अवघ्या दहा वर्षांची ही गोष्ट. गांवाच्या एका अंगास आगाशी, दुसरीकडे निर्मळ, आणि दोन-तीन कोसांच्या टापूंत सोपारें. केळीच्या बागा, भाजीचे वाफे आणि पावसाचें पाणी साठविणारीं बावखलें यांनीं हा मुलूख ओळखला जातो. येथील ख्रिस्ती कुटुंबांत सामवेदी, म्हणजे कादोडी, बोली चालते आणि शिक्षण मराठींत घेण्याची परंपरा आहे. २०२० च्या उस्मानाबाद येथील साहित्यसंमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचा जन्म येथलाच (१९४२). अशा गांवच्या सार्वजनिक शाळेंत एका बांकावर बसणाऱ्या मुलांपैकीं एकाचे पूर्वज १७३९ पूर्वीं बाटले आणि दुसऱ्याचे तसेच राहिले. दोघांचीं शेतें मात्र एकाच बांधाला लागून. इतिहासाच्या पुस्तकाची खरी परीक्षा असल्या वर्गांत होते.

राज्याच्या पाठ्यपुस्तक मंडळानें काढलेलें सहावीचें (२०१६), सातवीचें (२०१७) व आठवीचें (२०१८) अशीं इतिहासाचीं तीन पुस्तकें आम्हीं परीक्षणास घेतलीं. भाषा सोपी आहे, चित्रें नीटस आहेत, आणि मुलांवर नुसत्या सनावळ्या लादण्याची जुनी खोड पुष्कळच कमी झाली आहे. तिन्हींच्या आरंभीं इतिहासाच्या साधनांचा पाठ आहे, ही गोष्ट तर विशेष संतोषाची. भौतिक, लिखित, मौखिक असे साधनांचे प्रकार त्यांत दिले आहेत. नाणीं, ताम्रपट, बखरी, पोवाडे यांचीं नांवें आहेत. पण तो पाठ संपला कीं साधनें संपलीं! मधून एखाद्या चौकटींत पत्राचा उतारा येतो, परंतु तो सिद्धान्ताच्या शोभेसाठीं. त्यावरून मुलानें स्वतः कांहीं ठरवावें अशी अपेक्षा नसते. सुतारानें शिकाऊ मुलास पहिल्या दिवशीं करवत, रंधा, पटाशी दाखवावी, नांवें पाठ करून घ्यावीं, आणि पुढें वर्षभर तयार खुर्च्यांचें वर्णन वाचून दाखवावें, असा हा प्रकार झाला.

या पद्धतीचा परिणाम वसईच्या प्रसंगांत स्पष्ट दिसतो. सातवीच्या पुस्तकांत तो थोड्या ओळींत आटोपला आहे : पोर्तुगीजांचा जुलूम, चिमाजी आप्पांची स्वारी, वेढा, विजय. चारही गोष्टी खऱ्या आहेत. सोलापूरच्या किंवा भंडाऱ्याच्या मुलास तेवढें पुरे असेल. नंदाखालच्या मुलास तें पुरत नाहीं, कारण त्या ओळींत त्याचें घर कोठें आहे तें त्यास कळत नाहीं. जुलूम करणारांचा धर्म आपला, म्हणून आपण त्यांच्यांतले काय? कीं जुलूम आपल्याच पणजोबांच्या पणजोबांवर झाला? आणि वसई पडल्यावर आपलीं माणसें येथें राहिलीं तीं कशीं? या तिन्ही प्रश्नांस पुस्तक गप्प आहे, आणि शिक्षक बहुधा त्याहून गप्प.

यावर दोन उपाय सुचविले जातात. दोन्ही आम्हांस नापसंत. पहिला उपाय मजकूर मवाळ करण्याचा. देवळें पाडलीं गेलीं, गोव्यांत १५६० पासून धर्मन्यायसभा बसली, हें वगळावें म्हणजे कोणाचें मन दुखावणार नाहीं, असें कांहीं सज्जन म्हणतात. मूल निर्मळच्या यात्रेस गेलें म्हणजे विमलेश्वराच्या देवळाची कथा ऐकतेंच. पुस्तकांत न सांपडलेली गोष्ट त्यास मग अधिकच गुप्त व अधिकच जहरी वाटूं लागते. दुसरा उपाय स्थानिक गौरवाचा : तालुक्यांतील नामांकित पुरुषांची एक यादी, किल्ल्याचें एक चित्र, एक सहल. हा अभ्यास नव्हे, ही जत्रा झाली.

आमची सूचना याहून लहान आणि आमच्या मतें अवघड आहे. तीन इयत्तांस तीन प्रसंग घ्यावे, प्रत्येकाचे मूळ कागद किंवा लेख वर्गांत आणावे, आणि त्यांवर सलग चार-पांच तास खर्च करावे. बाकीचें पुस्तक चालतें तसें चालूं द्यावें.

सहावीस सोपाऱ्याचे अशोकलेख. भगवानलाल इंद्रजींस १८८२ सालीं तेथें आठव्या आज्ञेचा तुकडा मिळाला. नवव्या आज्ञेचा तुकडा १९५६ सालीं भुईगांवास सांपडला. नववी आज्ञा तर मुलांनीं हंसत वाचावी अशी आहे : आजारपणांत, लग्नकार्यांत, प्रवासास निघतांना लोक नाना विधि करितात, व त्यांत बायका पुष्कळच क्षुल्लक विधि करितात, अशी तक्रार सम्राट् करीत आहे. वाडीतल्या लग्नाचे विधि ज्या मुलीनें पाहिले आहेत तिला अशोक या पाठानंतर परका राहणार नाहीं. मौर्य साम्राज्याच्या नकाशांत सोपारें दाखवून हें साधत नाहीं.

सातवीस अर्थात् वसई. येथें कागदांचा तोटा नाहीं. सरदेसायांनीं छापलेल्या पेशवेदप्तरांतील पत्रें आहेत, दा कुन्हा यांचा १८७६ चा ग्रंथ आहे, पिसुर्लेकरांचें 'पोर्तुगेज-मराठे संबंध' आहे. पहिला तास फक्त तारखेवर घालवावा. शरणागतीचा दिवस पोर्तुगीज कागदांत १६ मे १७३९ आहे. मुंबईकर इंग्रज त्या काळीं जुनी गणना पाळीत, म्हणून त्यांचा तोच दिवस ५ मे. मराठी कागदांत शके १६६१, आणि सुहूर सन तिसा सलासीन मया व अलफ, म्हणजे ११३९. एक दिवस, चार तऱ्हेचे आंकडे, आणि कोणीच खोटें बोलत नाहीं! सुहूर सन मृगाला पालटतो हें सांगितलें कीं शेतकऱ्याचें मूल तें लगेच समजतें. शिक्षकास मात्र कदाचित् थोडा वेळ लागेल.

दुसरा तास आंकड्यांचा. मराठ्यांकडील मेले-जखमी किती, हें इंग्रजी ग्रंथांतच पांच हजारांपासून बारा हजारांपर्यंत जातें. हे आंकडे कोणी मोजले, कधीं मोजले, आणि वाढवून किंवा कमी करून सांगण्यांत कोणाचा लाभ होता, एवढे तीन प्रश्न फळ्यावर लिहावे व मुलांस भांडूं द्यावें.

तिसऱ्या तासाला तहाचीं कलमें. शिबंदीनें मानानें बाहेर पडावें, ज्यांस जावयाचें त्यांनीं जावें, मागें राहतील त्या ख्रिस्ती रयतेनें आपला धर्म निर्वेधपणें पाळावा, असें त्यांत ठरलें. नंदाखालच्या वर्गांत या शेवटल्या कलमास जें वजन आहे तें इतरत्र येणार नाहीं. आपलीं माणसें येथें कशीं राहिलीं, या प्रश्नाच्या उत्तराचा आरंभ येथें आहे. आणि तो जिंकणाऱ्या व हरणाऱ्या अशा दोन्ही पक्षांनीं मान्य केलेल्या कागदांत आहे. कलमें पुढें पाळलीं गेलीं कीं नाहीं, किती पाळलीं गेलीं, हें विचारणारें मूल निघालेंच तर शिक्षकानें त्यास गप्प बसवूं नये. तो प्रश्न आमच्या कामाचा आहे.

घंटांचा पाठ आम्ही स्वतंत्र सुचवितों. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळांतील घंटेवर १७२१ चा आंकडा आहे. वाईजवळ मेणवलीच्या घंटेवर १७०७ चा, आणि कुमारी मरियेची बालकासह मूर्ति. या घंटा वसईच्या मुलुखांतून गेल्या असें परंपरा सांगते. ओतणाऱ्यानें त्या चर्चसाठीं ओतल्या, आज त्या देवळांत वाजतात. लूट, नवस, धातूची किंमत, नादाचा मोह, यांपैकीं कशानें त्या घाट चढून गेल्या याचा तर्क करण्यास बारा वर्षांचें मूल पूर्ण समर्थ आहे.

महिकावतीच्या बखरीविषयीं येथें दोन शब्द. राजवाड्यांनीं ती १९२४ सालीं छापल्यापासून या किनाऱ्यावरील अनेक घराण्यांनीं तीस कुळाचा दाखला करून टाकलें आहे. प्रतापबिंबाबरोबर आलेल्या कुळांत आपलें आडनांव सांपडलें कीं वाचन संपतें! वस्तुतः राजवाड्यांचें खरें काम निराळें होतें : एकाच बखरींतील प्रकरणें निरनिराळ्या लेखकांचीं व निरनिराळ्या काळचीं आहेत हें त्यांनीं वेगळें करून दाखविलें, आणि केशवाचार्याचा भाग शके १३७० च्या सुमाराचा ठरविला. हें वेगळें करणें सातवीस शिकवितां येईल. बखरींतील दोन उतारे शेजारीं ठेवून एकच माणूस हें लिहील काय, असें विचारावें. कुळांची यादी मात्र वर्गांत वाचूं नये. ज्याचें नांव तींत नाहीं तें आदिवासी मूलही त्याच बांकावर बसलेलें असतें.

आठवीबद्दल थोडक्यांत. ३१ डिसेंबर १८०२ चा वसईचा तह पुस्तकांत असावयाचाच. त्याच्या जोडीस आम्ही एप्रिल १८६७ मध्यें विरारहून मुंबईस सुरू झालेली आगगाडी घालूं. भाजीची पाटी डोक्यावर घेऊन पहांटे मुंबई गांठणारी आजी पुष्कळांच्या घरीं अद्याप आठवणींत आहे. मौखिक साधन म्हणतात तें हेंच. तिचें सांगणें मुलानें तिच्याच बोलींत उतरून घ्यावें, प्रमाण मराठींत 'सुधारूं' नये.

वेळ कोठून आणावा, असा आक्षेप शिक्षक घेतील. तो रास्त आहे. तथापि सातवीचा सगळा अभ्यासक्रम घाईनें उरकून जें हातीं येतें त्यांतील किती आठवींत शिल्लक राहतें, हें तेच आमच्याहून चांगलें जाणतात. मुलांस मोडी येत नाहीं, हा दुसरा आक्षेप. १९५० च्या सुमारास मोडी शाळेंतून गेली ती गेली. परंतु बालबोध प्रतीशेजारीं मूळ पत्राचें छायाचित्र ठेवून दहा-बारा अक्षरें ओळखावयास लावणें हा मुलांस खेळ वाटतो. आणि शंभरांतून एकास त्याचा नाद लागला तरी दप्तरखान्यास एक वाचक मिळाला.

खरी अडचण यांपैकीं कोणतीच नव्हे. असे कागद शिक्षकानें आणावे कोठून? संशोधनसंस्थांनीं छापलेल्या साधनखंडांत अर्थ, टीपा, नकाशा यांपैकीं कांहींच नसतें. ते जाणत्यांनीं जाणत्यांसाठीं छापलेले. खासगी संग्राहकांची स्थिति तर त्याहून विलक्षण. पत्राची प्रत मागणारा शिक्षक दारीं आला कीं ट्रंकेची किल्ली हरवते. कागद झिजेल म्हणून न दाखविण्यांत कांहीं अर्थ आहे. छायाचित्र काढून घेतल्यावरही न दाखविण्यांत कोणता आहे तें आम्हांस कळलें नाहीं. चर्चमधील नोंदवह्यांची गोष्ट निराळी. त्यांत कुटुंबांच्या खासगी बाबी असतात, आणि त्या सांभाळणारांनीं दाखविलेला संकोच योग्यच आहे. तेथें फार तर एखाद्या फार जुन्या पानाचा नमुना, नांवें झांकून, वर्गाला पुरे.

तेव्हां आरंभ सातवीच्या वसईपासून करावा. मराठींतील तीन पत्रें, पोर्तुगीज कागदांचीं दोन भाषांतरें, इंग्रजी एक, तहाचीं कलमें आणि एका घंटेचें छायाचित्र, अशीं आठ साधनें निवडावीं. प्रत्येकाची बालबोध प्रत, कठीण शब्दांचा अर्थ, कालगणनांचें कोष्टक आणि शेवटीं उत्तरें न देतां नुसते प्रश्न छापावे. पानें सोळाहून अधिक नसावीं. मूल पत्रांच्या संग्राहकांपैकीं ज्यांच्याजवळ १७३७ ते १७३९ या काळांतील वसई, आगाशी किंवा अर्नाळा यांचा उल्लेख असलेले कागद असतील, त्यांनीं ते जवळच्या शाळेच्या शिक्षकास एकवार दाखवावे व नकलेस परवानगी द्यावी.